साठ मिनिटांची भिंत

बँकेत अडतीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. समोरचा काहीही ठामपणे सांगू लागला, की आपला हात आपोआप पुढे होतो, "कागद दाखवा." जमीन आहे? सातबारा दाखवा. धंदा जोरात चाललाय? तीन वर्षांचा ताळेबंद दाखवा. ही खोड घरी सुटत नाही, लग्नकार्यात सुटत नाही आणि कादंबऱ्या लिहितानाही सुटत नाही. अशा माणसाने स्वतःचं एक मत, एकही कागद न तपासता, नोकरीइतकीच म्हणजे अडतीस वर्षं चालू ठेवावं आणि त्यापायी एक जिवाभावाचा मित्र गमवावा, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. निदान माझ्यासारख्या ठाम मतांच्या लोकांनी तरी ऐकण्यासारखी आहे.

मत साधंच होतं. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा 'द वॉल' हा १९७९चा अल्बम रडका आणि अर्धवट आहे. त्याला शेवट नाही.

'रॉक' हा शब्द वाचून पान उलटायच्या बेतात असलेल्या वाचकांनी जरा थांबावं. आपल्या पणजोबांनी बालगंधर्व थोर की केशवराव भोसले थोर, यावर जेवणं थंड केली आहेत. वडिलांनी रफी आणि किशोरवरून भावकीत अबोला धरला आहे. आमची पिढी गिटारवरून भांडली, एवढाच फरक. भांडणाची जात तीच.

१९८० साली बँकेत अधिकारी म्हणून लागलो आणि दादरला एका खोलीत पेइंग गेस्ट म्हणून राहू लागलो. पहिल्या काही पगारांतून घेतलेली चैनीची वस्तू एकच, टू-इन-वन. परदेशी एलपी विकत घेणं आवाक्याबाहेरचं होतं. काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमध्ये (२०१६ साली ते बंद झालं) जायचं, रेकॉर्डी हाताळायच्या, पाकिटामागचा मजकूर वाचायचा आणि उसासा टाकून बाहेर पडायचं. ऐकायचंच असेल तर दुसरा मार्ग होता. स्टेशनजवळच्या गल्लीत एक एवढंसं दुकान होतं, तिथे एलपीवरून कॅसेट भरून मिळे. कायद्याच्या दृष्टीने ही चोरीच. पण दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या तपासणाऱ्या मला तेव्हा ते सुचलंही नाही.

कोऱ्या कॅसेटची मापं दोन. सी-६० म्हणजे साठ मिनिटांची, एका बाजूला तीस. सी-९० म्हणजे नव्वद, एका बाजूला पंचेचाळीस. सी-९०ला दहाएक रुपये जास्त पडत. मला दरमहा घरी मनीऑर्डर करायची असे. मी सी-६०चा माणूस होतो.

पहिली भरून घेतली ती 'द डार्क साइड ऑफ द मून'. १९७३चा हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९८८पर्यंत सगळे मिळून ७००हून अधिक आठवडे टिकला. वेळ, पैसा, वेड आणि मरण असे विषय, आणि लांबी फक्त ४३ मिनिटं. उरलेल्या टेपवर दुकानदाराने आपल्या मर्जीने बोनी एमची गाणी भरून दिली. "जागा रिकामी कशाला सोडायची?" हा त्याचा रोखठोक हिशेब. त्या अल्बमच्या शेवटी हृदयाचे ठोके हळूहळू विरत जातात. आजही ते विरले की माझ्या कानात पाठोपाठ बोनी एम सुरू होतं.

पुढच्या वर्षी 'द वॉल' भरून घेतली. काउंटरमागे ती रेकॉर्ड टेकवून ठेवली होती. पाकिटावर वाचायला काही नाही, नुसत्या पांढऱ्या विटा. दुकानदार म्हणाला, "डबल रेकॉर्ड आहे, नव्वदची घ्या." मी म्हटलं, "साठवर बसेल तेवढी बसवा." ही गोष्ट मी त्याच संध्याकाळी विसरलो.

गोष्ट अशी आहे. पिंक नावाचा एक गायक. बाप युद्धात मेलेला, आई जपून जपून गुदमरवणारी, मास्तर छळणारे. प्रत्येक दुःखाची तो एक वीट करतो आणि स्वतःभोवती भिंत बांधत जातो. यातलं बरंचसं गीतकार रॉजर वॉटर्सच्या स्वतःच्या आयुष्यातलं. त्याचा बाप फेब्रुवारी १९४४मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारला गेला, तेव्हा रॉजर पाच महिन्यांचा होता. आणि या अल्बमचं बी कुठे पडलं? एका चाहत्याच्या अंगावर! जुलै १९७७मध्ये मॉन्ट्रियलच्या प्रचंड स्टेडियममध्ये गाताना पुढच्या गर्दीतल्या गोंगाटाने वॉटर्स इतका भडकला, की तो एका चाहत्यावर थुंकला. नंतर त्याला स्वतःचीच किळस आली, आणि आपल्यात व ऐकणाऱ्यांत एक भिंत उभी आहे ही कल्पना सुचली.

माझा मित्र या अल्बमचा भक्त होता. त्याचं नाव लिहीत नाही, कारण रविवारी तोही हाच पेपर वाचतो. तो सांगलीचा, नोकरी विमा कंपनीत, मुक्काम गिरगावात मामांकडे. शनिवारी अर्धा दिवस भरला की आम्ही फोर्टातल्या एका इराण्याकडे बसायचो. क्वीनवर आमचं एकमत होतं. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, म्हणजे जवळजवळ सातारा जिल्ह्याचाच, असं तो म्हणे आणि मी मान डोलवी. त्यामुळे तो विषय दहा मिनिटांत संपे. मतभेद असला तरच दुसरा चहा येई. आणि 'द वॉल'वर चार-चार चहा होत.

"नुसतं रडगाणं आहे," मी म्हणायचो. "माणूस भिंत बांधतो, आत बसतो आणि संपलं."

"संपलं कुठे? शेवटी भिंत पडते की लेका."

"कुठे पडते? मला नाही ऐकू आली."

"तुला ऐकू यायची नाहीच!"

त्याला वाटे, मी मुद्दाम तिरकं बोलतोय. मला वाटे, भिंत पडते म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनातली पडते, असं काहीतरी आध्यात्मिक तो सांगतोय. दोघेही एकमेकांना रूपकात बोलणारे समजत होतो. इराण्याकडे टेपरेकॉर्डर असता, तर पाच मिनिटांत निकाल लागला असता.

रॉकच्या चाहत्यांची मतं अशी टोकाची का असतात, यावर मी पुढे बराच विचार केला. मे १९६६मध्ये मँचेस्टरला बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा प्रेक्षकांतून एकजण ओरडला, "जुडास!" जुडास म्हणजे येशूला पकडून देणारा शिष्य. डिलनचा गुन्हा काय, तर गिटारला वीज जोडली. तिकीट काढून आलेल्या माणसाला एवढा संताप यावा, याचा अर्थ त्याचं काहीतरी आत मोडलं होतं. साधी वाद्यं आणि साधी माणसं जग बदलतील, अशा एका समजुतीवर तो जगत असावा, आणि डिलन त्या समजुतीचा जामीनदार. जामीनदार फिरला की काय होतं, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको.

जाणकारांचंही तेच. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी मासिकाने २००३ साली सर्वोत्तम ५०० अल्बमची यादी केली, त्यात बीटल्सचा 'सार्जंट पेपर' पहिला होता. २०२० साली नव्या परीक्षकांना विचारून पुन्हा यादी केली. आता मार्विन गे या कृष्णवर्णीय गायकाचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला आणि 'सार्जंट पेपर' चोविसावा. दोन्ही अल्बम साठ-सत्तरच्या दशकांतले. सतरा वर्षांत त्यांतला एकही सूर बदलला नव्हता. ऐकणारे बदलले होते. मत रेकॉर्डवर नसतंच. ती रेकॉर्ड कुणी, कुठे, कोणत्या वयात, कोणत्या टेपवर ऐकली, त्यावर असतं. हे मी आज लिहू शकतो. तेव्हा मला वाटे, मी बरोबर आहे.

मार्च १९८३मध्ये पिंक फ्लॉइडचा 'द फायनल कट' निघाला. तोही युद्धावर, आणि वॉटर्सने तो मेलेल्या बापाला अर्पण केलेला. बातमी आमच्यापर्यंत पोचली तेव्हा उन्हाळा होता. इराण्याकडे पंखा नुसता गरगरत होता. मला तर आयतंच शस्त्र मिळालं. मी म्हणालो, "एका लक्षाधीश माणसाने बापाच्या नावाने किती रडायचं? बाप काय, सगळ्यांचेच मरतात."

मित्राने कप खाली ठेवला. खिशातून सुटे पैसे काढून आपल्या वाटणीचे मोजून टेबलावर ठेवले, आणि निघून गेला.

तो तिसरीत असताना त्याचे वडील गेले होते. हे मला ठाऊक होतं. त्यानेच सांगितलं होतं. पण ती माहिती माझ्या डोक्यात एका खात्यात जमा होती आणि रॉकबद्दलची मतं दुसऱ्या खात्यात, आणि दोन्ही खात्यांचा मेळ मी कधी घातला नव्हता. पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी दोनदा त्याच्या ऑफिसपर्यंत गेलो आणि खालूनच परत फिरलो. जून महिन्यात माझी बदली विदर्भात झाली. कपाटात ती कॅसेट होती, ती मी पुन्हा लावली नाही. जिच्यापायी मित्र गेला ती वाईटच असली पाहिजे, असा उलटा हिशेब मी मांडला आणि मत आणखी पक्कं केलं.

तिकडे पिंक फ्लॉइडमध्येही फाटाफूट झाली. कीबोर्ड वाजवणाऱ्या रिक राइटला 'द वॉल'च्या वेळीच काढून टाकलं होतं. नंतरच्या कार्यक्रमांत तो पगारी नोकर म्हणून वाजवत होता. मंचावर भिंत उभारायचा खर्च इतका, की मालकांना त्या कार्यक्रमांत तोटा झाला आणि पैसे मिळाले ते एकट्या पगारी राइटला. (नोकरदार वाचकांनी ही नोंद करून ठेवावी.) १९८५ साली वॉटर्स बाहेर पडला, बँडच्या नावावरून वकील उभे राहिले, आणि जगभरच्या चाहत्यांत दोन तट पडले. शब्दांच्या वॉटर्सचे आणि गिटारच्या डेव्हिड गिलमोरचे. गंमत म्हणजे 'कम्फर्टेब्ली नम' हे त्यांचं बहुधा सर्वांत लाडकं गाणं याच 'द वॉल'मधलं. शब्द वॉटर्सचे, चाल गिलमोरची. कोणत्याही तटाला ते एकट्याचं म्हणता येत नाही.

१९९० साली मी एका तालुक्याच्या गावी शाखा व्यवस्थापक होतो. ऑगस्टमध्ये बँकेच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत पत्र नव्हतं, वर्तमानपत्राचं कात्रण होतं. बर्लिनची खरी भिंत फुटल्याला आठ महिने झाले होते, आणि २१ जुलैला वॉटर्सने तिथेच 'द वॉल'चा प्रचंड कार्यक्रम केला होता. मंचावरची भिंत शेवटी कोसळते आहे, असा फोटो. समासात बॉलपेनने एकच शब्द लिहिलेला होता, 'पडली.'

अक्षर मी ओळखलं. सात वर्षांनी त्याने हात पुढे केला होता. माझा पत्ता शोधून काढायला त्याला किती खटाटोप करावा लागला असेल, हे मला आज समजतं. तेव्हा मी काय म्हणालो? 'बर्लिनमध्ये पडणारच. ती राजकारणासाठी पाडली. मूळ अल्बममध्ये पडतच नाही.' मी उत्तर पाठवलं नाही. कात्रण मात्र टाकलं नाही; एका जुन्या पासबुकात ठेवलं.

फेब्रुवारी २००७मध्ये वॉटर्स मुंबईत आला आणि संपूर्ण 'डार्क साइड' वाजवून गेला. मी गेलो होतो. माझा आवडता अल्बम समोर चालू होता, आणि मी अर्धा वेळ मागे वळून गर्दीत एक चेहरा शोधत होतो. पंचविशीतला चेहरा शोधत होतो, हे घरी आल्यावर लक्षात आलं. तो पन्नाशीचा झाला असणार होता.

निवृत्त झाल्यावर एक कादंबरी लिहायला घेतली. तीत ऐंशीच्या दशकातला एक तरुण आहे, आणि त्याच्या खोलीत 'द वॉल' वाजते. तपशील चुकू नये म्हणून २०१९ सालच्या एका रात्री मुलीने मोबाइलवर तो अल्बम काढून दिला. गाण्यांची यादी समोर आली. मोजली, तर २६. माझ्या आठवणीत एकोणीस होती.

मी ऐकायला बसलो. 'वन ऑफ माय टर्न्स' हे गाणं आलं. ते दबक्या आवाजात सुरू होतं, आणि पुढे त्याचा भडका उडतो. माझ्या कॅसेटवर भडका उडायच्या आधीच टेप 'खट्' करून थांबायची. मला वाटे, गाणंच तसं आहे. त्यानंतरची तीन गाणी मी जन्मात ऐकली नव्हती. भिंतीची शेवटची वीट त्यातल्या तिसऱ्या गाण्यात बसते. पुढे दुसरी रेकॉर्ड. 'रन लाइक हेल' संपता संपता माझी दुसरी बाजू संपायची. त्यानंतरही चार गाणी होती. त्यात पिंक स्वतःवरच खटला भरतो, आई-मास्तर-बायको साक्षी देतात, आणि न्यायाधीश निकाल देतो की भिंत पाडा. मग विटा कोसळण्याचा मोठा आवाज होतो.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. कानाला हेडफोन लावून मी ती भिंत पडताना ऐकली.

८१ मिनिटांचा अल्बम मी साठ मिनिटांत बसवला होता. दुकानदाराने प्रत्येक रेकॉर्डची पहिली तीस मिनिटं घेतली होती. माझ्या कॅसेटवर भिंत पुरी बांधूनही होत नव्हती आणि पडतही नव्हती. 'अर्धवट आहे, शेवट नाही' हे माझं मत शंभर टक्के खरं होतं, माझ्या कॅसेटपुरतं. दहा रुपये वाचवले होते, त्याचं चक्रवाढ व्याज अडतीस वर्षं भरत होतो.

दोन दिवसांनी, विमा कंपनीतल्या एका निवृत्त ओळखीच्याकडून नंबर मिळवला आणि सांगलीला फोन लावला.

"अरे, भिंत पडते रे," मी म्हणालो.

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "कधी कळलं?"

"परवा रात्री साडेअकराला."

सी-६०ची हकिकत सांगितली. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "दहा रुपयांसाठी? आणि मी समजत होतो, तू मुद्दाम करतोयस." हसणं थांबल्यावर मी इराण्याकडचं ते वाक्य काढलं. माफी मागायची होती, शब्द जुळवून ठेवले होते. त्याने मधेच थांबवलं.

"वडील गेले तेव्हा आमच्या घरी त्यांचं नाव काढायचं नाही असा दंडक होता," तो म्हणाला. "आई कोसळेल म्हणून. शाळेतही कुणी विचारायचं नाही. बापाबद्दल एवढ्या मोठ्या आवाजात बोलता येतं, हेच मला त्या कॅसेटने पहिल्यांदा सांगितलं. आणि तू म्हणालास, किती बोलायचं. दुसरं कुणी म्हणालं असतं तर चाललं असतं."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतं.

त्या दिवाळीनंतर सांगलीला गेलो. डोक्यावर केस उरले नव्हते, पण चहा बशीत ओतायची पद्धत तीच होती. त्याची सी-९० अजून होती. वर निळ्या शाईतलं ते अक्षर. टेप चिकटून बसलेली, वाजेना. मग नातवाच्या मोबाइलवर 'द वॉल' लावली आणि दोन म्हातारे झोपाळ्यावर ८१ मिनिटं बसून राहिले. भिंत पडली तेव्हा तो माझ्या तोंडाकडे बघत होता. नंतरचं शेवटचं गाणं अगदी हळू, बोळातून बँड दूर जावा तसं. ते एका अर्ध्या वाक्यावर तुटतं, आणि त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग अल्बमच्या अगदी सुरुवातीला आहे. हेही त्यानेच दाखवलं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "खरं सांगू? आता ऐकताना वाटतं, शेवट जरा लांबलाय. तो कोर्टाचा तमाशा नसता तरी चाललं असतं."

मी झोपाळ्यावरून उठलोच. "नसता म्हणजे? तो काढलास तर भिंत पडणार कशी?"

आतून वहिनींनी विचारलं, "आणखी चहा ठेवू का?"

"ठेव," तो म्हणाला. "हा काही आता सातच्या गाडीने जात नाही."